खळखळ आणि गलगल

गोदावरी महाराष्ट्रात खळखळते आणि तेलंगणात गेली की गलगल करते. नदी तीच, पाणीही तेच. ऐकणारे कान मात्र बदलतात. हा बदल होतो तो नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मधे उमरी हे तालुक्याचे गाव आहे. तिथून निझामाबादकडे निघालेली गाडी धर्माबाद सोडते आणि बासरजवळ गोदावरीच्या पुलावर चढते. तोवर डब्यातल्या गप्पांमध्ये तेलुगू मिसळलेली असते. पुलाच्या अलीकडचे लेकरू गाडीला झुकझुकगाडी म्हणते, पलीकडचे चुकुचुकु रैलु. हिंदी मुलाला तोच आवाज छुकछुक वाटतो, बंगाली मुलाला झिकझिक.

वाफेच्या इंजिनाचा हा आवाज यायचा कुठून? साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असत आणि प्रत्येकातला दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जाई. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून वाफेचे चार हबके बाहेर पडत. झुक-झुक-झुक-झुक ही चौकडी अशी यंत्रातूनच आलेली. या मार्गावरची वाफेची इंजिने कधीच गेली. आज उमरीत शाळेत जाणाऱ्या मुलाने तो आवाज प्रत्यक्ष ऐकलेला नाही, पण शब्द त्याच्या तोंडात आहे. आवाज मेला तरी त्याची नक्कल जगते, हे या शब्दांचे पहिले वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य सीमेवरच्या माणसाला आपसूक कळते. मराठीतला नादशब्द व्यंजनावर थांबतो. आपण लिहितो झुळझुळ, पण म्हणतो झुळ्‌झुळ्‌. लातूर जिल्ह्यातून बिदरकडे गेलात की कानडीत वाहत्या पाण्याचा शब्द आहे जुळुजुळु. तेलुगू आणि कानडी या दोन्ही भाषांना शब्द स्वरावर सोडायची सवय आहे. म्हणून आपले झुळझुळ तिकडे जुळुजुळु होते आणि झुकझुक चुकुचुकु होते. मराठीलाही ही सवय पूर्वी होती. संतवाङ्मयात रुणुझुणु असे उकारान्त रूप भेटते, आज आपण रुणझुण म्हणतो. देगलूरच्या बाजारात तिन्ही भाषा कानांवर पडतात, आणि तिथल्या माणसाला या शब्दांसाठी दुभाष्या लागत नाही. तेलुगू बाई पावसाला ‘चिटपट’ म्हणाली किंवा कानडी माणूस थंडीने ‘गडगड’ कापतो आहे असे म्हणाला, तरी अर्थ पोचतो.

या सारखेपणाकडे भाषाशास्त्राचे लक्ष वेधले ते मरे एमेनो यांनी. १९५६ मध्ये त्यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे मांडले: वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा इथे हजारो वर्षे शेजारी राहून एकमेकींसारख्या झाल्या. १९६९ मध्ये त्यांनी याच विचाराला पुरावा म्हणून नादशब्द घेतले. तोच आवाज दोनदा म्हणून शब्द करण्याची पद्धत आर्य आणि द्रविड या दोन्ही कुळांत पसरलेली आहे, ऋग्वेदात मात्र तसे शब्द मोजकेच आहेत, नंतरच्या भाषांत ते वाढत गेलेले दिसतात. खळखळ कुणी कुणाकडून घेतले याचा निवाडा शब्दागणिक करता येणार नाही. पण मराठीचा हा खजिना एकटीने जमवलेला नाही, शेजाराने जमलेला आहे, एवढे नक्की. मराठवाड्याच्या माणसाने हे अभिमानाने सांगावे असे मला वाटते. आपल्या बोलीवर ‘तेलुगू वळणाची’, ‘कानडी वळणाची’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना त्याच वळणावर अर्धी मराठी उभी आहे हे दाखवता येते.

पुन्हा पाण्याकडे येऊ. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना लावतो, पण ती भौतिकशास्त्र म्हणूनही तंतोतंत खरी आहे. पाणी स्वतः फारसे वाजत नाही, वाजतात त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ मध्ये बुडबुड्याच्या आकारावरून त्याचा स्वर काढण्याचे सूत्र दिले. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा थरथरतो. त्रिज्या दुप्पट झाली की स्वर निम्म्यावर उतरतो. उथळ प्रवाह दगडांवर आपटतो, हवा ओढून घेतो आणि बोलू लागतो. खोल डोहात हवा अडकतच नाही, म्हणून तो गप्प. लहान ओढ्यातले बारीक बुडबुडे झुळझुळतात, दगडगोट्यांवरून येणारा मोठा ओघ खळखळतो, आणि उंचावरून पडणारे पाणी धबधब करते. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड आहे. त्याला आपण धबधबा म्हणतो तेव्हा त्याचा आवाजच त्याचे नाव म्हणून वापरत असतो.

झुळझुळ, खळखळ, धबधब हे शब्द असे चढत्या वजनाने रचले गेले ते योगायोगाने नाही. मराठी नादशब्दांत अक्षरे कामे वाटून घेतात, आणि ती वाटणी ऐकायला बसले की भान हरपते. शब्दाच्या शेवटचे व्यंजन बघा. ण आला की वस्तू वाजत राहते: पैंजण रुणझुणते, चांदीचा रुपया खणखणतो, बांगड्या किणकिणतात, घंटा घणघणते, माश्या भणभणतात. ण म्हणताना हवा नाकातून जाते आणि तो हवा तितका लांबवता येतो, म्हणून धातूची आस त्यात मावते. ट लांबवता येत नाही, जीभ टाळूला लागली की आवाज तुटतो. म्हणून दार खटखटते आणि फटाके फटफट उडतात. एक ठोका संपल्याशिवाय दुसरा येत नाही. र म्हणताना जिभेचे टोक थरथरते, आणि घासणाऱ्या, फिरणाऱ्या, कापणाऱ्या वस्तू त्याच्याकडे गेल्या आहेत: जात्याची घरघर, खरखर, गरगर, थरथर, सरसर. ळ म्हणताना हवा जिभेच्या कडांवरून ओघळते. म्हणून पाणी खळखळते, पाने सळसळतात, रक्त भळभळते, अश्रू घळघळतात. सगळे शब्द या मापात बसत नाहीत. जळजळ हा तर आवाजातून आलेलाच नाही, जळणे या क्रियापदातून आला आहे. तरीही कल इतका ठळक आहे की नवा शब्द कानावर पडला तरी आपण त्याचा पोत ओळखतो.

स्वरांची वाटणी तशीच. इ म्हणताना तोंडातली पोकळी आखडते आणि आवाज बारीक होतो: टिपटिप, चिवचिव, किणकिण. अ आला की थोराड होतो: टपटप, खणखण. उ आला की तो आतून, बंद जागेतून येतो: पोटातली गुडगुड, हुक्क्याची गुडगुड. सुरुवातीचे व्यंजनही वजन ठरवते: टपटप, थपथप, धपधप असे म्हणून पाहा. पहिल्यात थेंब पडतो, दुसऱ्यात तळवा, तिसऱ्यात पोते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेतकरी आभाळाकडे बघतो तेव्हा त्याला हीच मोजपट्टी लागते. भुरभुर आली तर जमीन ओली दिसते आणि आत कोरडी राहते. रिमझिम दिवसभर टिकली तर ओल उतरते. धो धो पाऊस माती घेऊन जातो. मिलिमीटर दुसऱ्या दिवशी पेपरात कळतात, पेरावे की थांबावे याचा अंदाज त्याआधीच शब्दांत सांगून झालेला असतो.

आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारे फेर्दिनां द सोस्यूर यांनी नादशब्दांना फार किंमत दिली नाही. त्यांच्या व्याख्यानांवरून १९१६ मध्ये निघालेल्या पुस्तकात म्हटले आहे की असे शब्द थोडे असतात आणि भाषेच्या व्यवस्थेचे ते खरे अवयव नसतात. सोस्यूर संस्कृतही शिकवत, पण त्यांनी उदाहरणे घेतली फ्रेंच-जर्मनची. मराठीपुढे हे मत टिकत नाही. कड हा आवाज घ्या. त्याचे कडकड झाले, मग कडकडणे हे क्रियापद, कडकडाट हे नाम, कडकडीत हे विशेषण, कडकन हे क्रियाविशेषण. प्रत्येक रूपाला नियम आहे आणि तो शेकडो शब्दांना लागतो: गडगडाट, लखलखाट, खणखणीत, ठणठणीत, टपकन, धपकन, आणि आमच्या खेड्यांतले धाडदिशी, पटदिशी. हे बाजूला पडलेले अवयव म्हणायचे तर चालतेबोलते अवयव कोणते?

आपल्याकडच्या जुन्या जाणकारांनी हा विषय हलका मानला नव्हता. पाणिनीने अशा शब्दांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हटले आणि त्यांच्यासाठी वेगळे नियम दिले. त्याआधी यास्काच्या निरुक्तात कावळ्यावर वाद आहे. काक हे नाव त्याच्या आवाजावरून पडले, पक्ष्यांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते, असे यास्क म्हणतो. औपमन्यव नावाचा आचार्य म्हणतो, असे अनुकरण नसतेच. पुढे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने, १८३१च्या आणि मग वाढवलेल्या १८५७च्या आवृत्तीने, हे शब्द मोठ्या आस्थेने टिपले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) शब्दामागे ‘ध्व.’ अशी खूण सापडते. सात खंड चाळताना ती इतक्या वेळा दिसते की हा भाषेचा कोपरा नसून ऐसपैस दालन आहे हे पटते.

यास्काचा मुद्दा आज मराठवाड्याच्या शिवारात तपासता येतो. टिटवी स्वतःचेच नाव ओरडत फिरते. पावशाची गोष्ट अधिक गुंतलेली आहे. कोकिळेच्या कुळातला हा पक्षी उन्हाळ्याच्या अखेरीस रात्रंदिवस ओरडतो. प्रत्येक हाकेला स्वर चढत जातो आणि शिगेला पोचून तुटतो. मराठी शेतकऱ्याला ते ‘पेर्ते व्हा’ ऐकू येते. हिंदी कवीला तोच पक्षी ‘पी कहाँ’ विचारतो, बंगाल्याला ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला, असे सांगतो, आणि इंग्रज साहेबाने त्याचे नाव ठेवले ब्रेनफीवर बर्ड. गाणे एकच आहे. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या चिंतेने. कोरडवाहू रानात पावसाची वाट बघणाऱ्याला पेरणीच ऐकू येणार.

आवाजावरून माणसांचीही नावे पडली. हातात डमरूसारखे छोटे वाद्य वाजवत पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्यांना मराठीत कुडमुडे जोशी म्हणतात, बुडबुडकीही म्हणतात. कर्नाटकात ते बुडबुडिके, तेलुगू मुलखात बुडबुक्कल. तीन भाषांनी एकाच वाद्याचा आवाज ऐकला आणि ते वाजवणाऱ्याला तेच नाव दिले. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत जोशी या नोंदीखाली बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे ही नावे छापलेली आहेत. जातीच्या दाखल्यावर येणारा हा शब्द मुळात चामड्यावर पडलेली थाप आहे. ‘कुडमुड्या’ हा शब्द शहरी मराठीत तुच्छतेने वापरला जातो, तो वापर थांबायला हवा. मूळ नावात तुच्छता नव्हती, ती नंतर ऐकणाऱ्यांनी भरली.

वस्तूंची यादी देत बसत नाही. गोंधळ्याचे तुणतुणे आणि तान्ह्याचा खुळखुळा सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि मोटारसायकलीला फटफटी म्हणणारी पिढी अजून आहे. एक मात्र सांगायला हवे. माळरानावर तागाच्या जातीची पिवळ्या फुलांची रानझुडपे असतात. शेंग वाळली की आतले बी सुटे होऊन वाजते, म्हणून त्यांना खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीचे नाव क्रोटॅलेरिया. ते ग्रीक क्रोटालॉन या शब्दावरून आले आहे, आणि क्रोटालॉन म्हणजे हातात धरून वाजवायचे खुळखुळ्यासारखे वाद्य. एकमेकांची नावेही न ऐकलेल्या लोकांनी ती शेंग कानाशी धरून हलवली आणि एकच नाव दिले.

स्वयंपाकघरात नादशब्द तापमान मोजतात. पाणी चुलीवर ठेवले की आधी सूंऽऽ असा बारीक आवाज येतो: तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरताच फुटतात, त्याचा तो आवाज. सगळे पाणी तापले की बुडबुडे पृष्ठभागापर्यंत पोचतात आणि पाणी खळखळू लागते. मोहरी तडतडली की तेल तापले, तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ टरफल फोडून बाहेर आली. आमटी खदखदते, मटण रटरटते, आणि या दोहोंतला फरक शिकवावा लागत नाही. आईने पाठ फिरवून ‘खदखदायलंय का बघ’ म्हटले की मुलीला आच, वेळ आणि दाटपणा तिन्ही कळतात.

इथवर बोललो ते ऐकू येणाऱ्या गोष्टींबद्दल. मराठीने खरी कमाल केली आहे ती त्यापुढे. झणझण हा धातूचा आवाज, पण झणझणीत म्हणजे तिखट. लखलखीत, चकचकीत डोळ्यांना कळते, गुळगुळीत, बुळबुळीत, लुसलुशीत हातांना, कुरकुरीत दातांना. यातल्या बहुतेकांत आवाज नाहीच, तरी साचा आवाजाचाच आहे. आणि हा साचा सर्वांत जास्त कामाला येतो तो दुखण्यात.

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात रांगेत बसून ऐकावे. ‘डोस्कं ठणकू लालंय.’ ‘डोळे चुरचुरू लालेत.’ ‘छातीत धडधड होऊ लालीय, डॉक्टरसाहेब.’ ‘गळू आलंय, रातभर ठसठसू लालतं.’ यातला प्रत्येक शब्द निदानाच्या उपयोगाचा आहे. ठणकणे म्हणजे खोल, ठोक्याठोक्याने येणारी वेदना. ठण हा धातूवर पडलेला घाव आहे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो पडतो. ठसठस पू धरलेल्या जागेची. चुरचुर वरवरची, कातडीची किंवा डोळ्यात खडा गेल्याची. खवखव घशाचीच असते, मळमळ पोटाचीच. त्यांची अदलाबदल कुणी करत नाही. १९७५ मध्ये कॅनडात रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांनी वेदना कशी सांगावी यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत आणि ती जगभर वापरली जाते. आपल्या म्हातारीकडे तसे शब्द आधीच आहेत, आणि तेही गटवारी करून. पुण्या-मुंबईत शिकून आलेल्या तरुण डॉक्टरने ‘म्हणजे दुखतंय ना?’ असे विचारून ठणका, ठसठस आणि चुरचुर एकाच रकान्यात घातली, तर हरवते ती माहिती आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत या शब्दांचा एक तास असावा, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

शरीरापलीकडे मनालाही हाच साचा लागला: हुरहुर, रुखरुख, हळहळ, चुटपुट, तगमग. चुटपुट आणि हळहळ यांतला फरक मराठी माणसाला सांगता येणार नाही कदाचित, पण तो एकाच्या जागी दुसरा शब्द वापरणार नाही. जगात या बाबतीत आपल्याला तोडीस तोड भेटतो तो जपानी भाषेत. तिथे आवाजाच्या नकलेला गिओंगो आणि आवाज नसलेल्या अवस्थेच्या नकलेला गितायगो अशी दोन वेगळी नावेच आहेत. काळजाची धडधड तिथे दोकीदोकी, चकचकाट किराकिरा. पूर्ण शांततेलाही त्यांच्याकडे शब्द आहे, शीन. आपल्याकडे शुकशुकाट आहे. शुक शुक ही कुणाला तरी हळूच बोलावण्याची हाक, आणि गडगडाट-कलकलाटाला लागतो तोच प्रत्यय लावून आपण ओस पडलेला रस्ता दाखवतो.

महाराष्ट्र शब्दकोश पुण्यात तयार होत होता तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथले शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले. इथले सगळे शब्द त्या कोशात पोचले असतील असे म्हणूनच धरता येत नाही. आज मोट नाही, म्हणून तिच्या चाकाची कुरकुर नाही. जाते माळ्यावर गेले. त्यांचे शब्द अजून सत्तरीपुढच्या माणसांच्या तोंडी आहेत. उमरी, देगलूर, उदगीर, निलंगा, जिथे तुम्ही असाल तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पावसाचे किती प्रकार, दुखण्याचे किती, चुलीवरच्या भांड्याचे किती, ते विचारा. शब्द जसा कानावर पडेल तसा लिहा, शुद्ध करू नका. शेजारी गावाचे नाव आणि तारीख घाला. तेलुगू-कानडी शेजारी त्याच गोष्टीला काय म्हणतो तेही टिपा. हे काम बाहेरून येऊन कुणी करणार नाही, आणि ते करायला एक वही पुरते.